सायवनच्या चार बुधी आणि मी कीबोर्ड

मी कीबोर्ड बोलतोय. दचकू नका. आजवर तुम्ही माझ्याकडून नुसतं लिहूनच घेतलंत, माझं ऐकायला कुणी थांबलं नाही. आज मला वेळ आहे. डहाणू रोडच्या एका छोट्या धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात, सामानाच्या खोलीत, जुन्या पंख्याच्या पात्यांवर मला ठेवलंय.

मला पडदा दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पडद्यावर काय उमटतं ते माणसांना ठाऊक. मला कळतात ती बोटं. बोटांवरून मी माणूस ओळखतो. घाबरलेलं बोट माझी की अर्धवट दाबतं आणि लगेच उचलतं. गर्विष्ठ बोट एंटर अशी हाणतं की बाकीच्या किज हादरतात.

माझा जन्म दूर तैवानातला. तिथल्या एका कारखान्यात माझ्या प्रत्येक कीखाली स्प्रिंग बसवली गेली. तिथून मी मुंबईच्या एका कचेरीत आलो. तिथे एक बाई दिवसभर पत्रं टाइप करायच्या. हात इतका हलका की मला झोप यायची. मग कचेरीने नवे संगणक घेतले आणि आम्हा जुन्यांना दान करून पुण्य मिळवलं. चिकू मुंबईला टाकून रिकामा परत निघालेल्या एका टेंपोत आमचं खोकं चढलं आणि ब्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतर मी डहाणूला उतरलो. अंगाला चिकूचा वास पुढे कितीतरी दिवस होता.

दवाखान्याचा कारभार गोपीनाथकाका बघत. रेल्वेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, कपाळावर चष्मा. ते उजव्या हाताच्या एकाच बोटाने टाइप करायचे. एक अक्षर शोधायचे, दाबायचे, मग कपाळाचा चष्मा डोळ्यांवर आणून ते नीट उमटलं का बघायचे. तोवर मी आपला वाट बघत बसायचो.

संगणक आला, पण त्याच्याकडून काम करून घेणार कोण? मग बोर्डीच्या एका शिक्षकांची मुलगी आली. तिचं नाव स्वप्ना. मुंबईला जाऊन प्रोग्रामिंग शिकून आलेली, आणि गावाजवळ काहीतरी करून दाखवायचंच असं ठरवलेली. तिची दहाही बोटं चालायची. पहिल्याच दिवशी मी मनात म्हटलं, चला, आपलं नशीब उघडलं.

काम सोपं दिसत होतं. दवाखान्याची माणसं खेड्यापाड्यांत जाऊन डोळे तपासत. मोतीबिंदू निघाला की त्या माणसाची माहिती इथे यायची. मग ठरलेल्या दिवशी मुंबईहून डॉक्टर येऊन ऑपरेशनं करायचे. कुणाचं ऑपरेशन, कोणता डोळा, हे संगणकाने सांगायचं.

स्वप्नाला शिकवलं होतं ते असं. एकदा बसून सगळं विचारून घ्यायचं, सगळं कागदावर काढायचं, मग घरी बसून सगळा प्रोग्राम लिहायचा आणि एक दिवस पूर्ण करून आणून द्यायचा. तिने तसंच केलं. एका दुपारी गोपीनाथकाकांना सगळं विचारलं. काका म्हणाले, "बाकी काही असो, एकाच माणसाचं नाव दोनदा यायला नको. मागे एकाचं दोनदा लागलं, केवढा घोळ झाला."

स्वप्नाने ते मनावर घेतलं. नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव, हे सगळं जुळलं की माणूस एकच समजायचा. नंतर आलेली माहिती आधीच्या माहितीच्या जागी बसवायची. ही ओळ टाइप करताना तिची बोटं खुशीत होती. मीही खूश होतो. पुढे ती कित्येक महिने लिहीत राहिली. पण ज्यांच्यासाठी लिहीत होती त्यातल्या एकालाही तिने मधे कधी काही दाखवलं नाही. आधी कळस मग पाया म्हणतात तो प्रकार.

प्रोग्राम सुरू झाला त्या दिवशी नारळ फुटला. कुणीतरी मलाही हळद-कुंकू वाहिलं. भक्तिभाव ठीक आहे हो, पण अक्षता किजमध्ये शिरल्या आणि माझी स्पेसबार आठवडाभर कुरकुरत होती.

पुढच्या पौषात ऑपरेशनचा दिवस आला. मी बाहेरच्या टेबलावर होतो, त्यामुळे झालं ते सगळं ऐकलं. सकाळच्या गाडीने सायवनहून एक बाई आली. बुधी हाल्या वांगड. काकांनी नाव टाइप केलं, निघालं, बाई आत गेली. थोड्या वेळाने आणखी एक बाई आली.

"नाव?"

"बुधी."

"नवऱ्याचं?"

"हाल्या वांगड. सायवन."

काकांचं बोट थांबलं. त्यांनी पुन्हा टाइप केलं. "बाई, तुम्ही तर आत आहात."

"मी तं हठंच हाय."

"संगणक सांगतोय तुम्ही आत आहात. मशीन कशाला खोटं बोलेल? उगाच गर्दी नको. जा घरी, बोलावलं की या."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग चपलांचा आवाज दाराकडे गेला. जाताना ती कुणाला तरी म्हणाली, "वैशाखात सुनेचं दिस भरतील. नाल कोन कापंल?" त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नाही.

आत सुनंदा सिस्टर होत्या. त्यांची एक सवय होती. डोळ्यात औषध घालण्याआधी त्या पेशंटच्या एका डोळ्यावर आपला तळवा ठेवायच्या आणि विचारायच्या, "मी दिसते का?" कागदावर बुधीचा डावा डोळा लिहिला होता. सिस्टरांनी उजवा झाकला. बुधी म्हणाली, "दिसं. तुझा टिकला पन दिसं." डावा डोळा ठणठणीत होता.

सुनंदा सिस्टर तरातरा बाहेर आल्या. "गोपीनाथकाका, हा डावा डोळा कुणाचा?"

मग सगळं उलगडलं. सायवनला दोन बुधी होत्या, दोघींच्या नवऱ्यांचं नाव हाल्या, आडनाव तेच. पहिलीचा उजवा डोळा, दुसरीचा डावा. प्रोग्रामने दुसरीला पहिलीच्या अंगावर चढवलं आणि दोघींची एक बाई करून टाकली. पहिलीचं ऑपरेशन योग्य डोळ्याचं झालं, ते केवळ सिस्टरांच्या तळव्यामुळे. दुसरी तोवर एसटीत बसून गेली होती आणि डॉक्टर संध्याकाळी मुंबईला परतणार होते.

ती दुसरी बुधी तिच्या पाड्याची सुईण होती. तिच्या सुनेला वैशाखात दिवस भरणार होते. बुधीचा उजवा डोळा लहानपणीच काट्याने अधू झालेला. दिसायचं ते डाव्याने, आणि त्यावरच मोतीबिंदू चढलेला.

काकांनी माझ्यावर कापडाचं आवरण टाकलं. "झालं तेवढं पुरे. रजिस्टर कधी माणूस गिळत नाही," ते म्हणाले. मला राग आला. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी काय केलं होतं? दाबली ती अक्षरं पुढे पाठवली, एवढंच ना? पण आवरणाखालून कोण ऐकणार.

बोर्डीहून स्वप्ना धावत आली. सगळं ऐकून ती माझ्यासमोर बसली. आवरण काढलं, बोटं माझ्यावर ठेवली, पण एकही की दाबली नाही. बोटं गार पडली होती. मला तिची फार दया आली. तिला वाटलं असतं तर ती म्हणाली असती की काकांनीच तसं सांगितलं होतं. तिने तसं म्हटलं नाही. "सुनंदाताई, उद्या सायवनला याल माझ्याबरोबर?" एवढंच विचारलं.

दोघी जाऊन आल्या आणि सिस्टरांनी काकांना सगळी हकिकत माझ्यासमोरच सांगितली. पाड्यावर पोचल्यावर स्वप्नाने मोठ्याने हाक मारली, "बुधीबाय!" चार बायकांनी वळून बघितलं. चार! बुधवारी जन्मली ती बुधी, शुक्रवारी जन्मली ती शुक्री. आठवड्याचे वार सात आणि पाड्यावर माणसं शेकड्यांनी. एका नावाच्या दहा निघाल्या तरी नवल नाही. पण तिथे कुणाचा घोळ होत नव्हता. एक उंबराखालची बुधी, एक विहिरीवरची, एक थोरली, एक तलासरीहून लग्न होऊन आलेली. हे सायवनच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

आपली बुधी विहिरीवरची. स्वप्नाने तिची माफी मागितली. बुधी म्हणाली, "तुझा मशीन म्हनला मी आत हाय. मंग घरी आली ती कोन?" बाकीच्या बायका खो खो हसल्या. स्वप्ना हसली नाही. मग बुधीही गंभीर झाली. "होळीआधी बोलवतंस, येईन. पन आता मना परत धाडलां, तं मी नाय यायची. न माझ्या पाड्याचा कोन पन नाय यायचा."

होळीआधी डॉक्टर शेवटचे येणार होते. त्यानंतर थेट दिवाळीला. म्हणजे वैशाखाआधी बुधीला डोळा मिळायचा तर ही एकच संधी होती.

काका ठाम होते. "यादी रजिस्टरातूनच होणार."

"होऊ दे," स्वप्ना म्हणाली. "रजिस्टर ठेवा सोबत. मला होळीपर्यंत वेळ द्या. पण आता मी घरी बसून लिहिणार नाही, इथे बसून लिहिणार."

तिथून माझे खरे दिवस सुरू झाले. स्वप्ना सगळ्यात आधी काय करायला लागली असेल? पुसायला. जपून लिहिलेलं, घोटलेलं, भराभर पुसत गेली. माझ्या डिलीट कीला आयुष्यात इतकं काम कधी पडलं नव्हतं. लिहायला अक्कल लागते, पण आपलंच लिहिलेलं पुसायला छाती लागते, हे मी त्या आठवड्यात शिकलो.

मग तिने शेजारी दुसरी खुर्ची ओढली आणि सुनंदा सिस्टरांना बसवलं. मी एक आणि माणसं दोन. सिस्टरांना प्रोग्रामिंगचा गंध नव्हता, पण स्वप्ना जे टाइप करेल ते ती मोठ्याने सांगायची आणि सिस्टर मधेच विचारायच्या, "आणि नवरा नसेल तर? आणि ती माहेरी येऊन राहिली असेल तर?" स्वप्नाची बोटं थबकायची. एकट्या माणसाची बोटं चुकीच्या वाटेवर किती भरधाव धावतात, हे मला पूर्वीपासून ठाऊक होतं. आता कुणीतरी हात धरणारं होतं.

सगळ्यात विचित्र गोष्ट पुढे होती. एखादा भाग लिहिण्याआधीच स्वप्ना त्याची चाचणी लिहायची. सायवनच्या चार बुधी आत घाला, चार बाहेर आल्या पाहिजेत. ज्याला हे काम करायचं तो भाग अजून लिहिलेलाच नसायचा. साहजिकच चाचणी नापास. मग ती पास होईपर्यंत लिहायचं, तेवढंच लिहायचं.

काकांना हसू आवरेना. "आधी परीक्षा आणि मग अभ्यास? आमच्या वेळी उलटं होतं."

"काका, काय विचारणार हे आधी माहीत असलं की अभ्यास नेमका होतो."

"याला आम्ही कॉपी म्हणायचो."

पण त्या चाचण्यांची गंमत पुढे कळली. कुठेही जरासा बदल केला की स्वप्ना जुन्या सगळ्या चाचण्या पुन्हा चालवायची. एकदा डोळ्याचा भाग दुरुस्त केला आणि तिकडे बोर्डीच्या एका शुक्रीची चाचणी, जी आधी छान पास होत होती, ती कोसळली. स्वप्ना वैतागली. माझ्यावर हात आपटला, ते मला अजिबात आवडलं नाही. मग फ्लॉपीवर ठेवलेली कालची प्रत परत आणली आणि छोट्या बदलापासून पुन्हा सुरुवात केली. रोज घरी जाण्याआधी चालू स्थितीतली प्रत फ्लॉपीवर ठेवायची, हा तिने नेम केला होता. चिकूच्या झाडावर चढणारा एक फांदी पक्की धरूनच दुसरीकडे हात टाकतो, तसं.

दर गुरुवारी, जेवढं झालंय तेवढं, ती काकांना वापरायला द्यायची. अर्धवट काम दाखवायची तिला लाज वाटेनाशी झाली. काका त्यांच्या एका बोटाने टाइप करायचे आणि ती मागे उभी राहून गप्प बघायची. "इथे काय करायचं?" काकांनी विचारलं तर समजावून सांगायची नाही, तो भागच बदलायची. "तुमचं बोट जिथे अडतं, तिथे चूक माझी," म्हणायची. पहिल्या गुरुवारी काका फार अडले. मग कमी. एका गुरुवारी ते अडलेच नाहीत, आणि आपलं बोट कुणी पाहिलं का म्हणून त्यांनी हळूच मागे वळून बघितलं.

माणूस ओळखायचा तो आता नावावरून नाही. प्रत्येकाला दवाखान्याचा क्रमांक, सोबत पाड्याचं नाव आणि गाव ज्या खुणेने ओळखतं ती खूण. डोळ्यासाठी तर स्वप्नाने फारच हट्टी योजना केली. कोणता डोळा हे दोन माणसांनी, एकमेकांचं न बघता, पेशंटला स्वतंत्र विचारून टाइप करायचं. दोन्ही उत्तरं जुळली तरच पुढे.

होळीआधीचा तो दिवस उजाडला. विहिरीवरची बुधी पहिल्या गाडीने आली, बरोबर तिचा मुलगा जिव्या. काकांनी तिला समोर बसवून विचारलं आणि टाइप केलं. मग सिस्टरांनी आत नेऊन आपल्या पद्धतीने विचारलं, बाहेर येऊन टाइप केलं. संगणक टूं टूं करून थांबला. काकांनी उजवा टाकला होता, सिस्टरांनी डावा.

नेमकी बुधीच! जिव्या उभाच राहिला. "परत धाडतंस का काय?"

"अगं, एक अक्षर तर आहे, ढकल पुढे," काका म्हणाले. "डॉक्टर खोळंबलेत."

"पुढे ढकलायचं बटण मी ठेवलेलंच नाही, काका."

"म्हणजे?"

"म्हणजे उत्तर जुळल्याशिवाय हा पुढे जाणार नाही. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांसाठीही नाही."

डॉक्टर खरंच बाहेर आले. काय अडलंय म्हणून विचारलं. आवाज चढलेला. स्वप्ना माझ्या कडेवर बोटं घट्ट रोवून म्हणाली, "एका बाईंचा डोळा नक्की करायचाय, डॉक्टर. दोन मिनिटं लागतील. तेवढी लागणारच."

ती, सिस्टर आणि काका तिघेही बुधीपाशी गेले. सिस्टरांनी उजव्यावर तळवा ठेवला. बुधी म्हणाली, "आता तू नाय दिसं. नुसता धूर." डावा डोळाच होता. काकांनी कपाळावर हात मारला. बुधी समोर बसली होती, तिने बोट दाखवलं ते काकांच्या उजव्या बाजूला, आणि काकांनी आपला उजवा तिचा म्हणून लिहून टाकला होता. रजिस्टर उघडून बघितलं तर तिथेही त्यांच्या हातचा तोच उजवा. तो कुणीच अडवला नव्हता.

काका परत टेबलाशी आले. मग त्यांनी तेच एक बोट माझ्यावर ठेवलं आणि डावा टाइप केला. इतक्या जपून की जणू माझाच डोळा दुखतोय. रजिस्टर त्यांनी स्वतःच कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बुधीची पट्टी सुटली. तिने आधी सिस्टरांकडे बघितलं, मग काकांकडे रोखून. "तूच ना रं तो, मी आत हाय म्हननारा?"

"मीच, बाई," काकांनी हात जोडले. "आता खरंच आत आहात."

वैशाखात जिव्या सांगायला आला. मुलगी झाली, सुखरूप झाली, आणि नाळ आईनेच कापली. काकांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि तसल्याच चिकट बोटाने टाइप करायला बसले. त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

पुढे वर्षं गेली. चाचण्या वाढत गेल्या. दवाखान्यात काही चुकलं की आधी त्याची चाचणी लिहायची, मग दुरुस्ती, हा इथला रिवाजच झाला. स्वप्ना आता तलासरीच्या एका दवाखान्यात हेच काम उभं करतेय. माझी ए आणि ई ही अक्षरं झिजून पुसली गेली, खाऱ्या हवेने स्प्रिंगा गंजल्या, आणि यंदा, नव्व्याण्णव साली, नवा संगणक आला. त्याचा कीबोर्ड गोरापान आहे. असू दे.

नव्याबरोबर मुंबईहून कीर्ती नावाची मुलगी आली आहे. हुशार आहे. हल्ली परदेशात प्रोग्राम लिहायच्या नव्या पद्धती निघाल्यात, आधी चाचणी, दोघांनी मिळून लिहायचं, थोडं थोडं द्यायचं, असं ती काल सिस्टरांना उत्साहाने सांगत होती. सिस्टर म्हणाल्या, "हो का?" आणि गालातल्या गालात हसल्या. पण बोलणं वेगळं आणि करणं वेगळं. तीच कीर्ती आज सकाळी म्हणाली की जुना पसारा सगळा टाकून देते, चाचण्या फार वेळ खातात, नवा प्रोग्राम मी घरी बसून एकदमच लिहून आणते.

सामानाच्या खोलीत मला घाम फुटला. म्हटलं, अगं, मला टाक. भंगारात घाल. माझी हरकत नाही. पण त्या चाचण्यांना हात लावू नकोस! त्यातली एकेक कुणीतरी परत पाठवलेल्या बाईची आहे.

माझं तिला कुठून ऐकू जाणार? पण सुनंदा सिस्टर होत्या ना. केस पिकलेत, बाकी तशाच. त्यांनी एवढंच म्हटलं, "टाक हवं तर. पण टाकण्याआधी तुझ्या नव्या प्रोग्रामचा जो नमुना आणलायस, त्यावर एकदा चालवून बघ."

कीर्तीने चालवल्या. दाराच्या फटीतून मला तिच्या बोटांचा आवाज येत होता. आधी भरधाव, मग सावकाश, मग बंद.

"ताई, पहिलीच नापास झाली. चार घातल्या, एकच बाहेर येतेय. या चार बुधी कोण?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सिस्टरांनी छत्री उचलली असावी. "चल, भेटवते," त्या म्हणाल्या. "सायवनची गाडी अजून लागलेली असेल. पण तिथे गेल्यावर नुसतं बुधी म्हणून हाक मारू नकोस हं."

दोघी गेल्या. नवा कीबोर्ड टेबलावर एकटाच गप्प बसलाय. बस बाळा. त्या परत येईपर्यंत तुला काही काम नाही, आणि तेच बरोबर आहे.